रक्त वाहू देऊ नकोस

बेळगाव

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या क्लेच्या बाहुल्यांच्या सिनेमाची पटकथा दोनदा वाचली. खानापूरकडचं कौलारू घर, भूत लागलेले आजोबा, नुकत्याच सारवलेल्या जमिनीची काळजी करणारी आजी आणि निपाणीहून पिशवी घेऊन आलेला मांत्रिक. जमून आलंय, आणि ते आजीमुळे. आजोबांचं डोकं गरगर फिरतंय आणि ही म्हणते, ‘जरा तिकडं व्हा, आत्ताच सारवलंय.’ विडंबन तिथं उभं राहतं. बाकी सगळं मात्र खऱ्या भयपटासारखं घे: सावल्या, शांतता, दाराची करकर. भीती अर्धवट ठेवलीस तर हसूही अर्धवटच येईल.

आता कामाचं. तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस, ‘इथे रक्ताचा पाट वाहतो.’ हे वाक्य आधी खोड. स्टॉप-मोशनमध्ये, म्हणजे बाहुलं थोडं थोडं हलवत एकेक फोटो काढताना, सेकंदाला १२ फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटो २ फ्रेम टिकवायचा, म्हणजे २४ फ्रेमचा सेकंद होतो. एका फोटोला, बाहुलं हलवून हात बाजूला घेईपर्यंत, पाऊण ते एक मिनिट जातं. पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे टेबलापाशी दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात खरं पातळ रक्त हनुवटीवरून जमिनीवर जाऊन थांबलेलं असतं. पडद्यावर ते वाहत नाही, उड्या मारतं. क्लेच्या सिनेमात वाहणारी प्रत्येक गोष्ट घट्ट करून, तुकडे पाडून, मोजून ठेवावी लागते.

रक्तासाठी ५० ग्रॅम लाल क्ले घे, त्यात वाटाण्याएवढी तपकिरी आणि त्याहून निम्मी काळी मळ. नुसता लाल रंग दिव्याखाली खेळण्यासारखा दिसतो. मग चहाचा अर्धा चमचा व्हॅसलीन. ओघळासाठी ८ तुकडे वळ: पहिला ५ मिलिमीटरचा, पुढचा प्रत्येक ५ मिलिमीटरनं लांब, शेवटचा ४ सेंटिमीटर. खालचं टोक थेंबासारखं जाड ठेव. प्रत्येक फोटोला मागचा काढून पुढचा लाव. चमक हवी म्हणून फोटोच्या आधी बारीक ब्रशनं ग्लिसरीन फिरव, ते वाळत नाही. साखरेचा पाक वापरू नकोस, रात्रीतून मुंग्या लागतात. जमिनीवरच्या डागासाठी पातळ चकत्यांचा संच कर. चिळकांडी हवी तर बारीक तारेवर लाल क्ले गुंडाळून ३ वेगवेगळ्या आकारांच्या चिळकांड्या बनव आणि आलटून पालटून लाव, म्हणजे उसळल्यासारखी दिसते.

आजोबांची हिरवी उलटी तशीच, फक्त क्ले थोडी घट्ट ठेव म्हणजे तोंडापासून मांत्रिकापर्यंतची कमान लोंबणार नाही; आत तार हवीच. १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये ती वाटाण्याच्या सूपची होती आणि तोंडातून निघणारी वाफ दिसावी म्हणून शयनगृहाचा सेटच गार केला होता. तुझ्या वाफेला विंचरलेल्या कापसाचे पाच पुंजके पुरतील.

लाल रंग सगळ्याला लागतो. बोटांना लागला की धोतराला, धोतराचा आजीच्या पातळाला, आणि पांढऱ्या क्लेतून तो परत निघत नाही. म्हणून आजोबांची दोन बाहुली कर, एक स्वच्छ, एक रक्ताळलेलं. रक्ताचे सगळे शॉट शेवटी ठेव. बोटं आधी खोबरेल तेलानं, मग कोरड्या फडक्यानं पूस; नुसत्या पाण्यानं ही क्ले निघत नाही, कारण ती तेलकट असते.

यावरूनच पुढचं. खानापूरची कुंभारकामाची माती चांगली आणि गणपतीची शाडूही घरात पडलेली असते, पण बाहुल्यांना दोन्ही चालायच्या नाहीत. त्यातलं पाणी दिव्याच्या उबेनं उडतं, कोपराला पहिल्यांदा भेग पडते आणि हात निखळतो. ती माती घराच्या भिंती आणि कौलांसाठी वापर, तिथं भेग पडली तर घर जुनं दिसतं. बाहुल्यांना प्लॅस्टिसिन, म्हणजे ही न वाळणारी तेलकट क्लेच. शाळेच्या डब्यातलं प्लॅस्टिसिन फार मऊ निघालं तर १०० ग्रॅमला १० ग्रॅम मेण घाल. दोन्ही एका वाटीत, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात. थेट गॅसवर कधीच नको. थोडं करून बघ, गार झाल्यावर वाकवून बघ, मग प्रमाण कमी-जास्त कर. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी क्ले दगडासारखी होते, तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीजवळ ठेव. एप्रिल-मेमध्ये बाहुल्याचे खांदे दुपारपर्यंत उतरतात; शॉटच्या मध्ये त्याला फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवायचा मोह होईल, पण जागा हलते. त्यापेक्षा रात्री शूट कर. पावसाळ्यात पुठ्ठ्याचा सेट दमट हवेनं फुगतो आणि भिंत रोज केसभर सरकते. सेटचा पाया १२ मिलिमीटर प्लायचाच हवा.

सांगाड्याला दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियम तार दुहेरी पिळून घे, पायांना तिहेरी. बांधकामाची बाइंडिंग तार स्वस्त पडते पण वाकवल्यावर थोडी परत येते आणि त्या थोड्यानंच सगळं बिघडतं. मांडी, पोटरी, दंड अशा न वाकणाऱ्या जागी एम-सील लाव, सांधे मोकळे सोड. ॲल्युमिनियमही एकाच जागी सतत वाकवलं की तुटतं, आणि तुटतं ते गुडघ्यात, ऐन शॉटमध्ये. म्हणून हात-पाय सुटे काढता येतील असे कर आणि प्रत्येकी एक जास्तीचा ठेव. १८ ते २० सेंटिमीटर उंची पुरे. डोक्यात थर्माकोलचा गोळा घाल, त्यावर क्लेचा थर. भरीव डोकं जड होतं आणि मान हळूहळू झुकते. तळपायात ४ मिलिमीटरचा नट एम-सीलनं बसव. प्लायला इंचा-इंचावर भोकं पाड, खालून बोल्ट पिळून पाय घट्ट कर, रिकाम्या भोकांवर जमिनीच्या रंगाची क्ले दाब. चालताना बाहुलं पडतं ही नवशिक्यांची पहिली तक्रार असते आणि बहुतेक वेळा कारण पायातच असतं.

आता डोकं फिरवणं, कारण तुझा सिनेमा तिथंच जिंकणार किंवा हरणार. मान तारेची करू नकोस. खांद्यात लाकडी खुंटी उभी रोव, डोक्याला खालून भोक पाड, डोकं खुंटीवर बसेल आणि मोकळं फिरेल असं कर. खांद्यावर पुठ्ठ्याची अंशांच्या खुणा केलेली चकती ठेव, फोटोच्या वेळी ती काढ. पूर्ण फेरा १४ फोटोंत घे, अंश असे: ५, १०, १५, २५, ३०, ३५, ४०, ४०, ४०, ३५, ३०, २५, २०, १०. बेरीज ३६०. समान अंश फिरवलेस तर डोकं पंख्यासारखं दिसेल. सुरुवात जड आणि शेवट मंदावलेला असला की त्याला वजन येतं. फेऱ्याआधी १० फोटो आजोबा नुसते बघत राहू देत, पण अगदी निश्चल नको. क्ले पूर्ण थांबली की मेल्यासारखी वाटते, म्हणून मध्ये एकदा पापणी मिटव. फेऱ्यानंतर डोकं १० अंश पुढं जाऊन परत येऊ दे. तेवढ्या दोन-तीन फोटोंत लोक हसतात. मग कॅमेरा आजीवर.

हवेत तरंगणं त्यामानानं सोपं. दोरा वापरू नकोस, बाहुलं झुलत राहतं. पाठीत नट बसव, मागून लोखंडी सळई घाल, सळई वजनदार स्टँडला बांध. शॉटच्या आधी रिकाम्या सेटचा एक फोटो आणि शॉट संपल्यावर पुन्हा एक. एडिटिंगमध्ये सळईच्या जागी तो रिकामा भाग भरायचा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत होतं. सळईची सावली भिंतीवर पडणार नाही हे मात्र शूटच्या वेळीच बघ, नंतर ती पुसताना जीव जातो.

मांत्रिकाचं डोकं फुटतं तिथं ५ डोकी लागतील: नेहमीचं, सुजलेलं, डोळे बाहेर आलेलं, तडकलेलं, उघडलेलं. सुजायला वेळ घे, २० फोटो तरी. तडकण्यापासून फुटण्यापर्यंत फक्त ३. उघडलेल्या डोक्यात आधीच थर भरून ठेव: गुलाबी, फिकट पिवळा, तपकिरी. नुसता लाल गोळा डोळ्यांना काहीच सांगत नाही. उडणारे तुकडे बारीक तारांवर, प्रत्येक फोटोला थोडे दूर. १९८१ च्या ‘द ईव्हिल डेड’च्या शेवटी भुतांची शरीरं सडून गळतात ते काम क्ले आणि स्टॉप-मोशनचंच आहे, ते फोटो-फोटो थांबवून बघ. कुठला थर आधी खचतो ते वहीत लिहून काढ.

प्रकाशाकडे दुर्लक्ष झालं तर वरचं सगळं वाया जातं. खिडकीचा उजेड मिनिटामिनिटाला बदलतो आणि पडद्यावर भिंत लुकलुकते. खिडकी घोंगडीनं बंद कर, दोन एलईडी दिव्यांवर काम कर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलंस की हे चढउतार एकाच फोटोत मिसळून जातात. फोन असो वा कॅमेरा, फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअलवर कुलूपबंद. ट्रायपॉडचे पाय जमिनीला ग्लू गननं चिकटव, चार्जरची वायर आधीच जोडून ठेव, बटण वायरच्या इअरफोनवरून दाब. अंगात काळे कपडे घाल आणि फोटोच्या वेळी रोज एकाच जागी उभं राहा, कारण पांढऱ्या शर्टाचा उजेडही सेटवर पडतो. व्होल्टेज खालीवर होत असेल तर रात्री दहानंतर बस. वीज गेली तर बाहुल्याला हात लावू नकोस. परत आल्यावर आधीच्या फोटोवर नवा फोटो ठेवून जुळव, मगच पुढं.

दोन गोष्टी पटकथेबद्दल, आणि यात मी तुझ्याशी वाद घालणार आहे. भूत कन्नड बोलायला लागतं आणि म्हणून घरचे दचकतात, हा विनोद काढ. आपल्या गावात शेजारचं दार कन्नड बोलतं, त्यात भिण्यासारखं काही नाही, आणि लोक ज्याला हसतील ते तुझ्या क्लेला नसेल. उलट कर: भुताला दोन्ही भाषा अस्खलित येतात, दोन्हींत ते आजीच्या आमटीला नावं ठेवतं, आणि मांत्रिक दोन्हींत अडखळतो. दुसरं, सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या भक्तांच्या अंगात येतं ते आणि सिनेमातलं भूत यांची सरमिसळ नको. परडी, भंडारा, डोक्यावर वाहायचा देवीचा जग यातलं काही सेटवर ठेवू नकोस. चेष्टा सिनेमाच्या साच्याची आहे: आपोआप लागणारं दार, वीज चमकताच येणारा मांत्रिक. मांत्रिक आजोबांना झोडपतो तो प्रसंगही काढलास तर बरं. अशी मारहाण खरोखर होते, त्याविरुद्ध कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे, आणि त्यावर हसू येत नाही.

आवाज शेवटी, पण घाईत नको. मान मोडण्यासाठी ऊस पिळून मोडायचा, माइक वीतभर अंतरावर. चिकोडी-निपाणीकडे हंगामात त्याला तोटा नाही. डोक्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पिकला पपया. भुताचा आवाज एकाच माणसाकडून दोनदा घे, एकदा श्वास सोडत, एकदा आत ओढत, दुसरा चार-पाच सेमीटोन (पेटीच्या तेवढ्या पट्ट्या) खाली उतरवून दोन्ही एकत्र वाजव. आजीचा आवाज मात्र जसाच्या तसा, घरातला.

तीन मिनिटांचे २१६० फोटो होतात. सुरुवातीला दिवसाला ४८ निघाले तरी पुष्कळ, म्हणजे ४५ दिवस, मोडतोड धरून दोन महिने. आजोबांची खुंटीची मान आणि ते १४ फोटो आधी कर, रक्त नाही, सेट नाही, मागे साधी राखाडी चादर. झाले की पाठव, कुठला अंश चुकला ते बघून सांगेन.

कळावे.