तारेवरची कसरत

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी दांडेलीच्या जंगल रिसॉर्टचं बुकिंग दिलंय. तिथे झिपलाइन आहे, म्हणजे उंच तारेला लटकून घसरत पलीकडे जायचं. ह्यांचं वजन 92 किलो, माझं 44. ह्यांना वाटतं, तार तुटेल. करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, अडकलात तर तुम्हीच अडकाल, यजमान नाहीत! आमची पहिली झिपलाइनही दांडेलीचीच. आमचे हे भारदस्त, सुसाट पलीकडे पोचले. मी मात्र दहा-बारा फूट अलीकडेच थांबले. तार मध्यावर झोळ खाते, शेवटी थोडा चढ लागतो. हलक्या माणसाचा वेग तिथेच संपतो. समोरून वारा असेल तर बघायलाच नको. मग पाठ पलीकडे करून, तार धरून एकेक हात स्वतःला ओढायचं, नाहीतर तिथला मुलगा येऊन नेतो. मला नेलं. "साडी वाळत घातलीय," म्हणून हे हसत होते. अजून विसरले नाही मी.

वजनाची मर्यादा मात्र आधी फोनवर विचारा, प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. हार्नेस म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे; त्यातल्या मांडीच्या पट्ट्यात मूठ शिरता कामा नये. तारेवर धावणाऱ्या चाकाखेरीज (पुली) दुसरी सुरक्षा दोरी अडकवलीय ना, हे स्वतः बघा. धावत्या पुलीपुढे तारेवर हात नको. ओढणी खोलीवरच ठेवा, मंगळसूत्र आत, केसांची घट्ट वेणी. पाठीचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर.

यजमान नाहीच म्हणाले, तर त्यांना खाली फोटो काढायला उभं करा.