सैनिक आजोबांच्या नोंदी जुळत नसतील तेव्हा

सेवापत्रात एक पलटण, पदकाच्या कडेवर दुसरी आणि घरच्या आठवणीत तिसरीच, हे पाहून गोंधळू नका. यांतली एखादी नोंद खोटीच असेल असे नाही. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पदकांवर बहुधा सैनिक ज्या तुकडीतून प्रथम आघाडीवर गेला तिचे नाव कोरले जाई, सेवामुक्तीच्या कागदावर शेवटची तुकडी येई, आणि मधल्या बदल्या दोन्हींत दिसत नाहीत. म्हणून तुकडीच्या नावापेक्षा सैनिकाच्या सेवाक्रमांकाचा माग काढावा, मात्र १९१७ मध्ये ब्रिटनच्या टेरिटोरियल फोर्समधील (अर्धवेळ स्वयंसेवकांच्या राखीव दलातील) सैनिकांना नवे क्रमांक दिले गेले, हे ध्यानात ठेवावे. जन्मतारखेवर फार विसंबू नये. भरतीसाठी वय वाढवून सांगणारी पोरे पुष्कळ होती.

फाइलच मिळत नसेल, तर ती जळालेली असू शकते: पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची बहुतांश सेवापत्रे सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात, तर लाखो अमेरिकी फाइली सेंट लुईस येथील १९७३ च्या आगीत गेल्या. अशा वेळी तुकडीची युद्धदैनंदिनी, म्हणजे तुकडीच्या रोजच्या हालचालींची अधिकृत नोंदवही, वाचावी. तीत साध्या शिपायाचे नाव क्वचितच सापडते (मी महिनाभर उगाच शोधत बसलो होतो), पण तुकडी कोणत्या दिवशी कुठे होती हे कळते, आणि इस्पितळात दाखल झाल्याची तारीख तिच्याशी ताडून पाहता येते.