२०४७ चा आराखडा लिहिताय? आधी न फिरवता येणारे निर्णय शोधा

तुमच्या मुख्याधिकाऱ्यांनी २०४७ चा आराखडा मागितलाय, त्यात ‘स्ट्रॅटेजिक फोरसाइट’चं, म्हणजे पुढे काय काय होऊ शकतं ते मांडून आजचे निर्णय तपासण्याचं, प्रकरण हवंय, आणि लहान नगरपरिषदेत हे करायचं कसं, सल्लागार नेमावा का, असं तुम्ही विचारलंय. नगरपालिकांच्या नियोजनात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुढच्या पाच वर्षांत नगरपरिषद असे कोणते निर्णय घेणार आहे, जे एकदा घेतले की फिरवता येत नाहीत? त्यांची यादी करा आणि तिथूनच सुरुवात करा. ‘२०४७ मध्ये आपलं शहर कसं असेल’ असं विचारलं की हरित, स्मार्ट, सर्वसमावेशक असे शब्द गोळा होतात, आणि अंदाजपत्रकातला एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही.

पाणीपुरवठा योजना घ्या. आपल्याकडे ती साधारण ३० वर्षांनंतरच्या लोकसंख्येवर बेततात, पंप १५ वर्षांवर. मागच्या जनगणनांचे आकडे घेऊन ठरलेल्या सूत्रांनी भावी लोकसंख्या काढायची आणि त्यावर जॅकवेल (नदी-तलावातून पाणी उचलायची विहीर), मुख्य जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र, टाक्या सगळं ठरवायचं. डीपीआरमध्ये, म्हणजे योजनेच्या सविस्तर प्रकल्प अहवालात, पायाभूत आकडा अजूनही २०११ च्या जनगणनेचाच असतो. शेजारी एमआयडीसी आली तर? बायपासमुळे वस्ती दुसऱ्याच बाजूला सरकली तर? लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले तर? तरुण पुण्याला गेले आणि गावात म्हातारी माणसंच उरली तर? त्या एका आकड्यात यातलं काहीच मावत नाही.

म्हणून भविष्याची अशी तीन-चार चित्रं मांडा आणि प्रत्येकात तीच योजना चालवून बघा. काय खरं होईल यावर वाद घालत बसू नका. टाकीची आणि केंद्राच्या विस्ताराची जागा कुठल्याही चित्रात लागणारच, आणि नंतर ती मिळत नाही. तिचं आरक्षण विकास आराखड्यात आजच टाका. पंपांचं तसं नाही. पंपघरात एका जादा पंपाचा पाया बांधून ठेवा, पंप गरज दिसेल तेव्हा घ्या. पाण्याचा उद्भव (स्रोत) एकच असेल तर बहुतेक चित्रांत तुम्ही अडकाल, ते आत्ताच सभेपुढे ठेवा.

याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण लंडनचं आहे. थेम्स नदीवरचा, गरज पडेल तेव्हा दारं बंद करता येणारा पूररोधक बांध १९८२ पासून काम करतोय. समुद्र किती चढेल हे नक्की कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ‘थेम्स एस्च्युअरी २१००’ या योजनेने एकच भलामोठा बांध आज बांधायचा हट्ट धरला नाही. वेगवेगळे मार्ग आखले आणि कोणत्या खुणा दिसल्या की कोणत्या मार्गाला वळायचं ते लिहून ठेवलं: समुद्राची पातळी, बांध वर्षात किती वेळा बंद करावा लागतो, जुन्या भिंतींची अवस्था. या खुणा ठरावीक काळाने तपासतात. २०२३ च्या सुधारणेत बांधाच्या वरच्या अंगाला नदीकाठी असलेल्या भिंती उंच करण्याची मुदत १५ वर्षं अलीकडे, २०५० वर आणली. बांधाचं पुढे काय करायचं हे २०४० पर्यंत ठरवायचं आहे.

खूण दिसली की काम हाती घ्यायचं, मुंबईत नेमका हाच दुवा तुटला. १९८५ च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा, अभ्यास झाला, १९९३ मध्ये अहवाल आला, नाल्यांची क्षमता ताशी २५ मिमी पावसावरून ५० वर न्यावी असं त्यात स्पष्ट होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा त्यातलं बरंचसं काम कागदावरच होतं. तेवढ्या पावसाला ५० मिमीही पुरले नसते हे खरं, पण धोका माहीत असून बारा वर्षं गेली याचा मला अजून त्रास होतो.

तेव्हा तुमच्या प्रकरणात प्रत्येक मोठ्या कामापुढे तीन गोष्टी हव्यात: कोणती खूण बघायची, ती कोण नोंदवणार, आणि ती दिसली की कोणता ठराव सभेपुढे येणार. नोंदवणाऱ्याचं पदनाम लिहा. ‘संबंधित विभाग’ लिहिलंत की कुणीच करत नाही. चर्चेला व्हॉल्व्हमन, आशाताई आणि शाळेच्या मुख्याध्यापिका यांना बोलवा. कोणत्या गल्लीत नवी बिऱ्हाडं आली आणि पहिलीचा पट कुठे घसरतोय, हे त्यांना आकडेवारीच्या आधी कळतं.

सल्लागार नेमायचाच असेल तर चित्रं मांडायला आणि आकडेमोडीला नेमा. खुणांची नोंदवही नगरपरिषदेतच राहू द्या, आणि दर वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेआधी ती उघडायची, एवढं आत्ताच ठरावात घालून घ्या.