जुन्या कॉम्प्युटरशी नवा फोन जुळवायचा असेल, तर फोनला वाकवा

तुमची अडचण मला कळली ती अशी: विंडोज ७ चा लॅपटॉप, त्यावर जुनं आयट्यून्स (आयफोन कॉम्प्युटरशी जुळवणारा अ‍ॅपलचा प्रोग्राम), आणि आयफोनचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यापासून दोघांचं जमेनासं झालंय. फोन कधी दिसतो, कधी नाही. फोटो कॉपी करताना मध्येच एरर येते आणि जे येतात त्यांतले बरेचसे उघडत नाहीत. कॉम्प्युटर बदलावाच लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते नाही, निदान एवढ्यासाठी तरी नाही. मात्र लॅपटॉपला फोनच्या बरोबरीला आणायचा हट्ट आधी सोडा. जुन्या मशीनवर नवं काहीतरी चढवण्यात लोकांचे आठवडेच्या आठवडे जातात आणि नेमकं सेटिंग फोनमध्ये असतं. नव्या फोनला जुन्या पद्धती येतात, जुन्या कॉम्प्युटरला नव्या शिकवता येत नाहीत. तेव्हा वाकायचं ते फोनने.

पण त्याआधी बॅकअप. आयट्यून्सचे जुने बॅकअप युजर फोल्डरमधल्या लपवलेल्या अ‍ॅपडेटामध्ये, मोबाइलसिंक नावाच्या फोल्डरात असतात. तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा आणि मगच काढघाल सुरू करा. बॅकअप पासवर्ड लावलेला असेल तर पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, कारण तो विसरलात तर तो बॅकअप गेल्यात जमा आहे. तरीही पासवर्ड लावलेलाच बॅकअप घ्यावा असं मी म्हणेन, कारण सेव्ह केलेले पासवर्ड आणि आरोग्याची माहिती त्याच्याशिवाय बॅकअपमध्ये येत नाही. आणखी एक: नव्या आयओएसवर (आयफोनच्या सिस्टिमवर) घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसच्या फोनवर चढत नाही. म्हणजे फोनचं अपडेट ही एकाच दिशेची वाट आहे.

आता मूळ दुखण्याकडे. 'फोन जोडला जात नाही' या एका वाक्यात वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि ते एकेक करून वगळावे लागतात.

केबल पहिली. फक्त चार्जिंगच्या केबल सर्रास मिळतात, त्यांतून डेटा जातच नाही. हब बाजूला ठेवा, केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. फोनचं लॉक उघडा आणि कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का, या प्रश्नाला होकार द्या. लॉक असलेला फोन रिकामा फोल्डर दाखवतो, त्यात बिघाड काही नसतो.

मग डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी. फोनच्या नावापुढे पिवळं चिन्ह असेल तर दोष ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला फोन ओळखायला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. त्या नावावर राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर निवडा आणि प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्स, अ‍ॅपल, मोबाइल डिव्हाइस सपोर्ट, ड्रायव्हर्स या वाटेवरचा फोल्डर स्वतः दाखवा. त्यानंतर विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन अ‍ॅपल मोबाइल डिव्हाइस सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करा. बऱ्याच जणांचा फोन एवढ्यावर दिसू लागतो.

आयट्यून्सचं मात्र वेगळं आहे. विंडोज ७ साठी ते १२.१० च्या मालिकेवर थांबलं, त्यापुढचं चढणार नाही. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ७ चा आधार, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट, १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला. फोन नवं आयट्यून्स मागत असेल तर त्या वाटेने प्रयत्न थांबवा. पूर्ण बॅकअपपुरता घरातल्या कुणाचा नवा कॉम्प्युटर वापरा किंवा आयक्लाउडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यात घ्या. तिथे फुकट जागा ५ जीबीच असते, म्हणून फोटो त्यातून वगळा.

फोटोंना आयट्यून्स लागतच नाही. विंडोजच्या लेखी आयफोन हा एक कॅमेरा आहे आणि कॅमेऱ्यातून फोटो घ्यायचं विंडोज ७ ला चांगलं येतं. अडचण फाइलच्या प्रकाराची. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो, ते तुमच्या लॅपटॉपला कळत नाहीत. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. यापुढचे फोटो जेपीईजी येतील आणि व्हिडिओ एच.२६४ मध्ये. जागा जास्त लागेल, ती किंमत मोजायला हरकत नाही.

कॉपी मध्येच थांबते त्याचं मूळ बहुतेक वेळा दुसऱ्या सेटिंगमध्ये असतं. फोटोजच्या सेटिंग्जमध्ये खाली मॅक किंवा पीसीवर पाठवण्याबद्दलचे दोन पर्याय आहेत. 'ऑटोमॅटिक' असेल तर फोन कॉपी होता होताच प्रत्येक फोटोचं रूपांतर करत बसतो, त्यात गडबड झाली की विंडोज उपकरण काम करत नाही म्हणून हात वर करतं. 'कीप ओरिजिनल्स' करा, एरर जाईल. जुने फोटो मग एचईआयसीच येतील, ते लॅपटॉपवर सावकाश बदलता येतात. आणि आयक्लाउडमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर सगळे मूळ फोटो फोनवर नसतातच, त्यामुळे यादी अपुरी दिसली तर आधी ते पाहा.

व्हिडिओ अडखळत असतील तर दोष लॅपटॉपच्या कुवतीचा आहे. एचईव्हीसी, म्हणजे नव्या आयफोनच्या कमी जागेत बसणाऱ्या प्रकारातले व्हिडिओ उलगडणारी सोय इंटेलच्या प्रोसेसरमध्ये साधारण २०१५ च्या सहाव्या पिढीपासून नीट आली. त्याआधीच्या मशीनवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर सगळा भार प्रोसेसरवर टाकतो आणि व्हिडिओ फोर-के, म्हणजे फार बारीक तपशिलाचा असेल तर प्रोसेसर दमतो. फोनवर व्हिडिओचं सेटिंग त्याहून हलकं, १०८० पी ठेवा.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी वाट केबलशिवायची आहे. लॅपटॉपवर एक फोल्डर पासवर्डसह शेअर करा. आयओएस १३ पासून फोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे, तिथे लॅपटॉपचा आयपी पत्ता द्या, की तो फोल्डर फोनवर उघडतो. ना ड्रायव्हर, ना आयट्यून्स. अँड्रॉइडवर हेच काम एसएमबी (नेटवर्कवर फोल्डर शेअर करायची विंडोजची पद्धत) जाणणारा कुठलाही फाइल मॅनेजर करतो. विंडोज ७ ला एसएमबी २.१ येतं म्हणून हे जमतं. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीला एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते आणि २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो तिच्यातल्याच भोकातून. एक्सपीचं मशीन असं नेटवर्कवर उघडं ठेवू नका, त्यासाठी पेन ड्राइव्ह बरा. मोठे व्हिडिओ असतील तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि आयफोनचा ६० फ्रेम्सचा फोर-के व्हिडिओ मिनिटाला सुमारे ४०० एमबी खातो.

अँड्रॉइडवाल्यांसाठी: २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो. वरची सूचना ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं. विंडोज ७ ला पुढचं सगळं येतं. मॅकला एमटीपी, म्हणजे अँड्रॉइडची केबलवरून फाइल पाठवायची पद्धत, मुळातच येत नाही, तिथे ओपनएमटीपी हा प्रोग्राम वापरा.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. बँक, ईमेल आणि पासवर्डची कामं त्या लॅपटॉपवर नकोत, ती फोनवरच करा. लॅपटॉप इंटरनेटला लावायचाच असेल तर मन घट्ट करून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका. चार जीबी रॅमवर साधी कामं चालतात, आणि आयफोन असो वा अँड्रॉइड, फाइल मॅनेजरमध्ये दिसतो. आधी पेन ड्राइव्हवरून न बसवता चालवून बघता येतं, तेव्हा वायफाय चालतंय का ते तपासा.

आज फक्त केबल, डिव्हाइस मॅनेजर आणि फोटोंची दोन सेटिंग्ज एवढंच करा. पिवळं चिन्ह हटलं नाही तर त्यावर डबल क्लिक केल्यावर जो एरर कोड दिसतो तो इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.