घरच्या घरी बोरन्हाण करताना

पहिल्यांदाच बोरन्हाण करीत आहात, म्हणून आग्रहाने सांगते की सजावटीच्या आधी बाळाच्या डोक्यावरून काय ओतायचे, ते ठरवावे. बोरे, हरभरे, शेंगदाणे, उसाचे करवे आणि हलवा हे सारे परंपरेने चालत आलेले असले, तरी दीड-दोन वर्षांचे मूल हाती लागेल ते तोंडात घालते आणि एवढासा दाणाही घशात अडकू शकतो. त्यामुळे धाकटीच्या वेळी मी चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्याच ओतल्या, बाकीचा खाऊ मोठ्या मुलांना हातात दिला आणि नंतर लगेच केर काढला.

हलव्याचे दागिने घरी करणार असाल, तर मुकुट जाड पुठ्ठ्याचा करावा आणि हलव्याचा एकेक दाणा दोऱ्याने घट्ट बांधावा, कारण नुसता डिंकाने चिकटवलेला दाणा बाळ सहज उपटते. हाराला मागे गाठ मारू नये. ओढताच सुटेल अशी वेल्क्रोची पट्टी लावावी. भिंतीवर घोटीव कागदाचे पतंग पुरेत, मात्र टाचण्या नकोत.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणताही दिवस चालतो, तेव्हा बाळाची झोप झालेली असेल अशीच वेळ निवडावी.