जर्मनीतला बेकारभत्ता, सरकारची बचत आणि तुझे सासरे

भावा, गोकुळ शिरगावातली नोकरी सोडून बायको-पोराला घेऊन जर्मनीला यायचा तुझा बेत, आणि 'तिथलं सरकार बेकारभत्ता कापून कोट्यवधी युरो वाचवणार' ही बातमी वाचून सासरे अडून बसलेत. त्यांचं चुकलं नाही, बातमीच अर्धी असते. मी उद्यमनगरातनं स्टुटगार्टला आलो त्याला अकरा वर्षं झाली. मध्ये पाच महिने घरी बसलोय, म्हणून सांगतो.

इथं भत्ते दोन. एक विम्याचा. पगाराच्या 2.6 टक्के हप्ता, निम्मा तुझा, निम्मा मालकाचा. गेल्या 30 महिन्यांत 12 महिने हप्ता भरला असेल तर हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 60 टक्के मिळतात, पोर असेल तर 67. वर्षभर भरलास तर सहा महिने, दोन वर्षं भरलास तर बारा. दुसरा बुर्गरगेल्ड, म्हणजे स्वतःचं भागत नाही त्या गरजूंना सरकारी आधार, तो करातून. 2024 ला एकट्या माणसाला महिना 563 युरो, वर घरभाडं. आरडाओरडा बहुतेक ह्या दुसऱ्यावर चालतो.

बचतीचा आकडा कसा फुगतो बघ. समज, विम्याचा भत्ता बारावरनं नऊ महिन्यांवर आणला. एक लाख बेकार, महिना 1700 युरो, तीन महिने: 51 कोटी वाचले! पण दहाव्या महिन्यापर्यंत सगळे थोडेच घरी असतात? चाळीस हजारच उरले असतील तर 20 कोटी 40 लाख. त्यातले वीस हजार बुर्गरगेल्डकडं गेले, महिना हजार युरो धरले, की आणखी सहा कोटी गेले. आणि विम्याची तिजोरी वेगळी, बुर्गरगेल्डची वेगळी. वाचलं एकीकडं, खर्च दुसरीकडं. (आकडे माझे, समजुतीपुरते.) फाउंड्रीत साच्याची वाळू धरून ठेवणारा बाइंडर कमी टाकला की महिनाअखेर खर्च कमी दिसतो, रिजेक्शन पुढच्या महिन्यात कळतं, तसलं हे. उलट बाजूही आहे: भत्ता संपतोय म्हटल्यावर काहीजण लवकर कामाला लागतात, मग हप्ता आणि कर दोन्ही परत सुरू. ते किती जण, ह्यावरच सगळे भांडतात.

खरं उदाहरण घे. 2024 ला वारंवार काम नाकारणाऱ्याचा बुर्गरगेल्ड (घरभाडं सोडून) दोन महिन्यांपर्यंत थांबवायची तरतूद आली. मंत्रालयाचा बचतीचा अंदाज वर्षाला 17 कोटी युरो. घेणारे 50 लाखांहून जास्त. माणशी वर्षाला 34 युरोसुद्धा येत नाहीत.

तुला भीती हवीच असेल तर व्हिसाची धर. ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी माणसाला नोकरीसाठी मिळणारा राहण्याचा परवाना) नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण तीन महिने, कार्ड दोन वर्षं जुनं असेल तर सहा. विम्याचा भत्ता घेतलास तर तो तुझ्या हप्त्याचा, त्यात कमीपणा नाही. बुर्गरगेल्डवर गेलास तर परवाना वाढवताना अडचण येऊ शकते. स्वतःहून राजीनामा दिलास, तर सबळ कारणाशिवाय बारा आठवडे भत्ता बंद. आणि नोटीस हातात पडली की तीन दिवसांत रोजगार कचेरीत नाव नोंदव. मी 'सोमवारी बघू' म्हणत बसलो, आठवड्याचे पैसे गेले.

पहिलं वर्ष भरेपर्यंत विम्याचं काही मिळणार नाही, तेवढ्यासाठी सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवून ये. कार्ड कुठलं मिळतंय ते कळव, मुदतीचं नीट बघून सांगतो.