पोहता येतं, मग कयाकमध्ये लाइफ जॅकेट कशाला?

घालाच, आणि काठावरच घाला. कयाक उलटल्यावर पाण्यात पट्टे आवळणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कठीण जातं. त्यातून पाणी गार असेल तर पडताक्षणी श्वास आपोआप आत ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असलं की पोहणं कामाला येत नाही.

माप वजन आणि छातीचा घेर पाहून घ्या. आधी कमरेचा पट्टा आवळा, मग छातीचे, खांद्याचे शेवटी. कुणाला तरी खांद्यांना धरून वर खेचायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यातही ते असंच वर चढेल. भाड्याच्या जॅकेटचं बकल तुटलेलं असेल तर गाठ मारून भागवू नका, दुसरं मागा.

50 न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेट किती जोराने तरंगत ठेवतं त्याचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. बेशुद्ध माणसाला ते उताणं करेलच असं नाही. लहान मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच.